कॉलबुकातली वरची ओळ

चि. ईशान आणि मुक्ता,

कुर्डुवाडीचे फोटो का आले नाहीत, असं ईशानने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी 'आजोबांना बरं नव्हतं' एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये सायन्स शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना 'पुरावा काय?' विचारून खाली बसवत असे. आजही असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही... तरी जे झालं ते क्रमाने लिहिते.

आधी एक जुनी पद्धत सांगायला हवी. तुमच्या आईच्या लहानपणी आम्ही मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. आजोबा इंजिन ड्रायव्हर. गाडीच्या दोन तास आधी कॉलमन ड्युटीचं बोलावणं घेऊन सायकलवरून दारात यायचा. त्याच्या कॉलबुकात ड्रायव्हरचं नाव, वेळ आणि पुढे सहीची जागा. सही केली की निघायचंच. आजारी असेल तर 'सिक' लिहायचं, मग कॉलमन खालच्या ओळीतल्या माणसाकडे जायचा. त्याचं पेन कधी चालायचं नाही, म्हणून मी दाराशी खिळ्याला दोऱ्याने एक पेन बांधून ठेवलं होतं. तुमची आई तापाने फणफणली होती त्या दिवशीसुद्धा मी आजोबांना उठवून सही करायला लावली. खोटं 'सिक' आमच्या घरातून कधी गेलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

आता त्या बुधवारचं. मंगळवारी आजोबांचं डायलिसिस झालं, पुढचं शुक्रवारी. मधल्या दोन दिवसांत मिरज आणि कुर्डुवाडीची इंजिनांची जुनी शेड्स बघून यायचं ठरलं. भाड्याची गाडी केली. वाटेत गडमुडशिंगीहून बापूंना घेतलं — आजोबांच्या इंजिनात कोळसा टाकणारे पूर्वीचे फायरमन, नंतर स्वतः ड्रायव्हर झालेले.

"वैनी, अण्णास्नी शेडमधनं भाईर काढायला तुमी जलम घातला, आन् आता परत तिकडंच न्हेताय व्हय?" बापू गाडीत बसताच सुरू झाले. त्यांचे अण्णा, म्हणजे आजोबा, हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले.

मिरजेला ईशानने फोटोंसाठी पाठवलेल्या यादीप्रमाणे सगळं बघितलं. इंजिनात पाणी भरायचा गंजलेला खांब, पडकी भिंत, गवतात हरवलेले रूळ. शेजारून एक मालगाडी गेली तेव्हा दोघे म्हातारे तिचे डबे मोजत उभे राहिले आणि आकड्यावरून भांडले. मग आजोबांचे पाय दुखायला लागले. गाडी लिंबाच्या सावलीत लावली, त्यांची सीट मागे केली, आणि त्यांना झोप लागली. आदल्या रात्री ते तासभरही झोपले नव्हते. म्हणजे मीही नाही. बापू आणि आमचा ड्रायव्हर रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला गेले. मी गाडीबाहेर एका दगडावर बसले. दोन वाजले होते, लख्ख ऊन.

खाकी कपड्यातला एक माणूस सायकल हातात धरून आला. कॅरियरला लांबट रजिस्टर.

"वैनी, सायेब हायत का? कॉल हाय."

मी घाबरले नाही, चकितही झाले नाही. इतक्या वर्षांची सवय... मी म्हणाले, "झोपलेत."

"उठवा की मग. सही पायजे."

रजिस्टरमध्ये आजोबांचं नाव होतं. वेळ १६.१०. गाडी नंबरचा रकाना कोरा. मी आजोबांकडे बघितलं. तोंड किंचित उघडं, श्वास शांत. माझ्या मनात एवढंच आलं — यांना आता कोणी उठवू नये. मी पर्समधलं पेन काढलं आणि सहीच्या जागी 'सिक' लिहिलं.

त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "मग ह्ये. ह्ये कुठं गावतील?"

ओळीत बापूंचं नाव होतं. आणि मी सांगितलं. "पलीकडे टपरीवर आहेत." पत्ता सांगावा तसं, व्यवस्थित.

थोड्या वेळाने बापू कागदी कपात माझा चहा घेऊन आले. दुसऱ्या हातात माझं पेन. "वैनी, धरा तुमचं पेन. कॉलमननं दिलं आन् गेला सायकल मारत. रिटायर हून इतकी वर्सं झाली, अजून बोलवत्यात बगा! म्या केली की सही. वरचा गडी सिक हाय म्हनं."

आजोबा जागे झाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा प्यायले.

आजोबांना पुढचा प्रवास झेपेना, म्हणून परत फिरलो. बापूंची थट्टा वाटभर चालूच होती — "बिगीबिगी सोडा मला, ड्युटी हाय!" साडेतीनला त्यांना दारात उतरवलं. आम्ही शाहूपुरीत घरी पोचून जिना चढत होतो तेव्हा फोन आला. त्यांचा मुलगा. घरात शिरताच त्यांनी सुनेला डबा भरायला सांगितला होता. ती म्हणाली, "मामा, कुठं निघालाय?" "ड्युटी हाय," म्हणाले. पायरीवर बसून बूट घालत होते. एकच बूट घालून झाला होता... चार वाजून गेले होते.

मी नंतर चौकशी केली. कॉलमन आता नाहीत, ड्रायव्हरला मोबाइलवर कळवतात. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, तो टपरीवर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. बापूंचं वय झालं होतं, हृदय अचानक थांबू शकतं. हे सगळं मला समजतं. पण पेन बापूंच्या हातात कसं गेलं, हे समजत नाही.

तेराव्यानंतर आजोबांनी विचारलं, "वरची ओळ माझी होती ना?"

मी हो म्हणाले.

"मला एकदा विचारायचं होतंस."

"तुम्ही झोपला होतात."

"इतकी वर्षं झोपेतूनच उठवलंस की."

आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेणारा माणूस काय म्हणत होता, ते मला कळलं. मी त्यांना शब्द दिला आहे, पुढच्या वेळी कॉल आला की उठवेन.

काल दाराशी एक खिळा ठोकून घेतला. पेन बांधलंय.

तुमची,
आजी