शेवटची वडी

आर्डिस टोलेफसनचं मेन स्ट्रीटवर कापडाचं दुकान होतं. बाई उंच, हाडापेराने मोठी आणि हाताने सढळ. गज मोजून झाला की वर चार बोटं जास्त सोडून मगच कात्री लावायची. एखाद्या गिऱ्हाइकाने पडद्यासाठी भडक जांभळं कापड निवडलं तर आर्डिस ते उजेडात धरायची आणि म्हणायची, "वेगळंच आहे हं." आमच्या स्टोर्डाल गावात याहून जहाल टीका कुणी करत नाही. गिऱ्हाईक काय ते समजायचं आणि निमूट दुसरं ठाण काढायला सांगायचं.

मिनेसोटाच्या आमच्या कोपऱ्यातली माणसं अशीच आहेत. कॉफी हवी का म्हटलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप पुढे करायचा. बशीतली शेवटची वडी कुणी उचलायची नाही. ती एकटी उरली की सगळ्यांची पोटं एकदम भरतात. मग कुणीतरी सुरीने तिचा अर्धा तुकडा घेतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी जो चुरा उरतो तो यजमानीण घरी नेऊन पाखरांना घालते. नॉर्वेहून आलेल्या पणजोबांनी पेटाऱ्यात दुसरं फारसं काही आणलं नव्हतं, पण ही भीड मात्र भरून आणली. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती आमच्याकडे माहेरवाशिणीसारखी राहिली.

ऐंशीच्या दशकात बाहेरगावची एक कंपनी आली. तिला हायवेलगतच्या बीटाच्या शेतात मॉल बांधायचा होता. नियोजन समितीचा अध्यक्ष होता ड्वेन स्कोगन. माणूस सज्जन, धान्याचा व्यापारी, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. कंपनीने त्याला रंगीत नकाशे दाखवले आणि तो भाळला. आजूबाजूच्या तीन काउंटींतली माणसं खरेदीला आपल्याकडे येणार म्हणाला. नऊ हजारांच्या गावाला सत्तर दुकानांचा मॉल! गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात हा निव्वळ वेडेपणा ठरला होता. पण स्वयंपाकघरातच. बाहेर ड्वेन भेटला की, "मोठं काम काढलंस बरं का," एवढंच.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? दुकानदार आर्डिसच्या मागच्या खोलीत जमले. हार्लन नीगार्डचं शेजारीच हार्डवेअरचं दुकान होतं. तो म्हणाला, "सुरुवात तू कर, आर्डिस. तुझं कुणाला लागत नाही. तू बोललीस की मी उठतो, मग बाकीचे." आर्डिस कबूल झाली. कापड कापायच्या टेबलाशी उभी राहून तिने नवऱ्याला, व्हर्लिनला, आपलं बोलणं म्हणून दाखवलं. व्हर्लिन मुळातच अबोल. तो म्हणाला, "चांगलंय." म्हणजे त्याला फारच आवडलं होतं.

जाहीर सुनावणीच्या संध्याकाळी नगरपालिकेचा हॉल भरला. ड्वेनची बायको लव्हॉन लिंबाच्या वड्या घेऊन आली आणि सगळ्या खुर्च्या सोडून नेमकी आर्डिसशेजारी बसली. आदल्या हिवाळ्यात आर्डिसची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हीच लव्हॉन रोज येऊन तिचं अंग पुसून देत होती. आता ती मांडीवरची बशी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. ड्वेनने विचारलं, "कुणाला काही बोलायचंय का?" खोलीत फक्त हीटरची टकटक. व्हर्लिनने कोपराने ढोसलं. आर्डिस उठली. सगळ्या माना वळल्या. तिने लव्हॉनचे ते पांढरे पडलेले हात पाहिले आणि म्हणाली, "वड्या फार छान झाल्यात."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. ती खाली बसली, हार्लन उठलाच नाही, बाकीचे मूग गिळून बसले. हरकत नाही अशी नोंद झाली आणि मॉल मंजूर झाला.

त्याच वर्षी पलीकडच्या काउंटीनेही मॉल बांधला. तोही मोठा. त्यांना आधी कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही आम्हाला विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावणं बरं दिसत नाही ना. मग येणार होती ती माणसं तिकडे गेली. आमचा मॉल अर्धाच भरला, पण तेवढ्यानेही मेन स्ट्रीट रिकामी झाली. आधी बुटांचं दुकान गेलं, मग बेकरी. हार्लनने माल विकून टाकायला काढला तेव्हा आर्डिस एक हातोडी घ्यायला गेली. घरी दोन होत्या, तरी गेली. हार्लन ती कागदात गुंडाळताना म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्यामागून उठणारच होतो. तू बोलली असतीस तर सगळेच उठले असते." रागावून नाही, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. त्याने तिला पैसेसुद्धा कमी लावले.

ते वाक्य आर्डिसच्या काळजात जाऊन बसलं. आपल्या एका वाक्याने गाव बुडालं, असं तिने मनाशी धरलं. व्हर्लिन समजावायचा, "अगं, गाव काय एका बाईच्या जिभेवर उभं असतं का?" ती मान हलवायची. पण कुठलंही दुकान बंद होऊन काचेला आतून कागद लागला, की तिला तो आपणच चिकटवल्यासारखा वाटायचा. स्वतःचं दुकान बंद झाल्यावर ती त्याच मॉलमध्ये एका कंपनीच्या दुकानात कापड कापायला लागली. छातीवर नावाची पट्टी, आणि मापाच्या वर बोटभरही सोडायचं नाही असा हुकूम. पुढे ते दुकानही गेलं. मग व्हर्लिन गेला. मॉलमधली दुकानं एकेक करत सगळीच गेली, आणि थकलेल्या करापोटी ती इमारत नगरपालिकेच्या गळ्यात पडली. थंडीने नळ फुटू नयेत म्हणून आत थोडी ऊब ठेवतात, तेवढाच काय तो तिचा उपयोग.

थोडा आणखी आहे म्हणा. हिवाळ्यात आमच्याकडे बाहेर पाय घसरला तर माणूस बर्फ वितळल्यावर वसंतातच सापडायचा, म्हणून म्हातारी मंडळी सकाळी मॉलमध्ये चालायला जातात. आर्डिस, लव्हॉन आणि काठी टेकत हार्लन. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोरड्या कारंज्याला वळसा घालून परत. छत गळतं तिथे बादल्या ठेवलेल्या. ड्वेन हयात असेपर्यंत कधीच आला नाही. "त्याला गुडघे साथ देत नाहीत," लव्हॉन सांगायची. मग बंद शटरांकडे न बघता म्हणायची, "पण आत ऊब आहे हो." आर्डिस म्हणायची, "ते मात्र खरं."

अशाच एका सकाळी लव्हॉनने बातमी दिली. तिचा मुलगा कर्ट आता समितीचा अध्यक्ष होता. दुसरी एक कंपनी आली होती. तिला जत्रेच्या मैदानावर नवं, वर छत नसलेलं, जुन्याच्या दुप्पट मोठं बाजारसंकुल बांधायचं होतं. रस्ते, पाणी नगरपालिकेने द्यायचं, कर माफ. लव्हॉन हे सांगताना पायांकडे बघत होती. आर्डिस म्हणाली, "वेगळंच आहे."

लव्हॉन घरी गेल्यावर आर्डिसने हार्लनला अडवलं. "या खेपेला मी बोलणार."

"बोल की. तू बोललीस की मी उठतो."

"नक्की?"

"म्हणजे काय! मागचं विसरलो नाहीये मी."

"मीही नाही," आर्डिस म्हणाली.

या वेळची सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती, कारण हॉल पुरला नसता. लव्हॉन लिंबाच्या वड्या घेऊन आली आणि पुन्हा आर्डिसशेजारीच बसली. जग इकडचं तिकडे झालं, पण ही बशी काही सुटत नाही, असं आर्डिसला वाटलं. कर्टने विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" आर्डिस गुडघ्यांवर हात रेटून उठली.

"कर्ट, तुला मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय, म्हणून अरेतुरे करते. आपल्याकडे एक मॉल आहे. गावातली सगळी माणसं, वर सगळ्या गाई, त्यात हिवाळा काढतील एवढी जागा रिकामी पडलीय. तो बांधायच्या वेळी आम्ही कुणी बोललो नाही, कारण तुझे वडील भले होते. ते भले होतेच. पण भल्या माणसाचाही हिशोब चुकतो. म्हातारपणी ते गाडीतून त्या इमारतीवरून जायचे तेव्हा मान पलीकडे वळवायचे, मी पाहिलंय. त्यांच्यावर खरा जीव असता, तर आमच्यातल्या कुणीतरी त्यांना नाही म्हटलं असतं. तुझ्यावर माझा जीव आहे. म्हणून मी नाही म्हणते."

ती बसली. तिने हार्लनकडे पाहिलं. हार्लन मांडीवरच्या टोपीची शिवण तपासत होता. कर्टने थांबून विचारलं, "आणखी कुणी?" कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेत खुर्ची करकरली तशी आर्डिसने आशेने मान वळवली, पण तो माणूस फक्त नीट बसत होता. "धन्यवाद, बाई," कर्ट म्हणाला. मग समितीने हात वर केले. सगळेच्या सगळे.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी माणसं एकेक करून तिच्याजवळ आली. हलकेच कोपराला हात लावून सांगायची, "अगदी माझ्या मनातलं बोललीस." हार्लनही आला.

"तू उठला नाहीस," आर्डिस म्हणाली.

"अगं, तू सगळंच बोललीस. मागाहून उठून मी तेच सांगायचं, बरं दिसलं नसतं."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिच्या तोंडून शब्द निघाला असता तर गाव उभं राहिलं असतं. आता शब्द निघाला होता आणि गाव कॉफी पीत होतं. खरं तर तिला हलकं वाटायला हवं होतं. दोष तिचा एकटीचा नव्हता, हे उघड झालं होतं. पण तिला रडू येत होतं. तिने जे उगाच इतकी वर्षं वाहिलं त्याचं, आणि हे ऐकायला आता व्हर्लिन नव्हता त्याचंही.

लव्हॉन बशी घेऊन समोर आली. बशीत एकच वडी होती.

"लव्हॉन, मी कर्टला वाईट म्हणून नाही..."

"त्या वेळी मी तुझ्या शेजारी का बसले होते, ठाऊक आहे?" लव्हॉन हळूच म्हणाली. "घरी ड्वेनला सांगून सांगून मी थकले होते. फार मोठं होतंय, झेपायचं नाही. म्हटलं, आर्डिस बोलेल. ती बोलली की मीही हो म्हणेन. आणि तू वड्यांचं कौतुक केलंस."

आर्डिस म्हणाली, "मला वाटलं, तुला लागेल."

"मला हवं होतं ते."

"मग आज? आज तरी का उठली नाहीस?"

लव्हॉनने बशीकडे पाहिलं. "माझा मुलगा आहे गं," ती म्हणाली, आणि बशी पुढे केली. "घे."

"नको, नको. तूच घे."

"घे म्हणते ना. अर्धी करू नकोस."

आर्डिसने ती शेवटची वडी सबंध उचलली आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या खाऊन टाकली. आजूबाजूची बोलणी थांबली. हार्लनच्या हातात सुरी होती, ती त्याने हळूच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या कॅफेत सगळीकडे आर्डिसचाच विषय होता. ती काय बोलली ते कुणी काढलं नाही. शेवटची वडी तिने अख्खी खाल्ली म्हणे, आणि लव्हॉनच्या देखत, एवढंच लोक एकमेकांना सांगत राहिले.