आप्पांच्या रायफलीला गाल लावला तेव्हा

या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण फक्त वाचायला. खरं सांगू? हसायला. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडते... मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं हसायचो. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही कुणी भूत म्हटलं की मला आधी चीड येते. पण जे झालं ते झालं. आणि ते आठवलं की मला भीती वाटत नाही, किळस येते. घशापर्यंत येते. जेवत असाल तर नंतर वाचा.

किळस हा शब्द मी उगाच वापरत नाही. मुकुंदवाडीत स्टेशनजवळ माझी मेस आहे. एमआयडीसीत कामाला असणारी, एकटी राहणारी पोरं जेवायला येतात. रविवारी मटण असतं. ते मी स्वतः निवडून आणते, मुंडी-पाया घरी भाजून खरवडते, वजडी धुते. रक्त, चरबी, केस यांत माझी हयात गेली. मटण शिळं असेल तर पिशवीची गाठ सोडायच्या आत मला कळतं. तेव्हा नाजूक बाईच्या मनाचे खेळ वगैरे कॉमेंटमध्ये कृपया लिहू नका.

माझे वडील, आप्पा, लासूर स्टेशनला राहायचे. तिथल्या एका आडत दुकानात त्यांनी आयुष्यभर मुनिमकी केली. मी त्यांची एकुलती एक. ते गेले आणि मागं राहिली ती एक जुनी रायफल. आप्पांच्या आजोबांना निजामाच्या काळात कुठल्याशा जहागीरदारानं ती बक्षीस दिलेली. ते त्याच्या शिकारीच्या लवाजम्यात होते म्हणे. आमच्या भावकीत तिचं कौतुक इतकं, की आप्पांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात हे कुणाला माहीत नसायचं, पण रायफल कोणत्या कपाटात आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ती आता माझ्या चुलतभावाकडं, रवीकडं जाणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण आप्पांनी चार लोकांत सांगून ठेवलं होतं, "रायफल माझ्या लेकीची." तेराव्याच्या पंगतीत मी वाढत होते, तेव्हा रवीनं विषय काढला.

"तायडे, रायफल म्हंजी काय उलथनं हाय का? बाईमाणसाला काय करायची ती? आमच्याकडं दे. दसऱ्याला दोन बार काढू, घराण्याचं नाव तरी ऱ्हाईल."

सगळे हसले. माझी काकू तर पदर तोंडाला लावून हसली. आप्पांना जाऊन दोन आठवडे झाले नव्हते, ताटात त्यांच्या आवडीची पुरणपोळी, आणि यांचा डोळा लोखंडावर. मला शिसारी आली. मी भाजीची बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "बार मीच काढीन. तू बघायला ये."

या एका वाक्यानं मी अडकले. आता ती नुसती शोभेला भिंतीवर टांगली असती, तरी भावकी म्हणाली असती, बघा, म्हणत होतो ना!

वारसाचं लायसन्स माझ्या नावावर व्हायला पुष्कळ हेलपाटे पडले. तोवर रायफल ठाण्यात जमा होती. घरी आली तेव्हा माझा नवरा विलास म्हणाला, "नळी कायमची बंद करून घे आणि लाव भिंतीला. मारायची कशाला?" विलास चितेगावला कंपनीत क्वालिटीत आहे. त्याला प्रत्येक जुनी वस्तू रिजेक्ट वाटते. मी म्हणाले, आधी बघू तर दे, चालण्यासारखी आहे का ते.

आता आमच्या घरची एक खोड सांगते. दसऱ्याला शस्त्रपूजा सगळेच करतात. आमच्याकडं मात्र हळदीकुंकू झालं की नळीत चमचाभर साजूक तूप ओतायचे आणि फडक्याचा बोळा ठासायचे. शस्त्राला नैवेद्य! दरवर्षी नवं तूप, आणि आधीचं कुणीच काढत नसे. मी तो बोळा ओढला तर आतून हिरवट-काळा लगदा आला. असा खवट वास, की शेजारीण खिडकीतून विचारायला लागली, काय सांडलं म्हणून. पण तो तुपाचाच वास होता. मला ओळखता आला, म्हणून मी हसले.

जुन्या शहरात रशीदभाई म्हणून बंदुका दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडं नेली. त्यांनी नळीत डोकावून नाक मुरडलं. "भाभी, बंदूक में घी? कायकू? पराठे तलने का इरादा था क्या?"

काही दिवसांनी त्यांनी ती साफ करून, आतली स्प्रिंग बदलून दिली. मी दुकानातच गजाला पांढरं फडकं बांधून नळीतून फिरवलं. फडकं पांढरंच बाहेर आलं, हुंगलं तर फक्त बंदुकीच्या तेलाचा वास. रशीदभाई म्हणाले, "चल जाएगी. रेंज पे लाओ, मैं भी आता." मी रायफल घरी आणून लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यातल्या काळ्या पोतीत.

त्याच दिवशी मी ठरवलं, मारायची. रवीला फोन करून सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं आणि भपकारा आला. तूप नव्हे. मुंडी जाळावर धरली की पहिल्यांदा केस जळतात आणि मग कातडी चरचरते, तो वास. पण बकऱ्याचा नाही. बकऱ्याचा वास मी झोपेतही ओळखीन. हा माझ्या ओळखीचाच नव्हता.

गजानं फडकं फिरवलं. बाहेर आली ती चरबी. पांढरी, लिबलिबीत, ताजी. थंडीचे दिवस, नळी एवढी गार की बोटं दुखत होती... आणि चरबी कोमट होती. तिच्यात केस होते. आखूड, काळे, जाड. मी मोरीपर्यंत पोचले नाही, तिथंच ओकले. वजडी धुणारी बाई मी!

विलासला बोलावलं. त्यानं वास घेतला आणि नाक दाबून म्हणाला, "उंदीर असेल." मी म्हणाले, "कुलूपबंद कपाटातल्या, बोटही जात नाही अशा नळीत? कसला उंदीर, शेवईएवढा बारीक?"  त्या दिवशी मेस बंद ठेवली.

रशीदभाईंनी ते फडकं दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडं संशयानं बघितलं. "भाभी, मैंने साफ करके दिया था. आपने खुद देखा. ये किसने डाला?" मी कुणाचं नाव सांगू? त्यांनी परत साफ केली, पण नंतर साबण मागवून कितीतरी वेळ हात धूत राहिले.

मी रवीला कळवलं, बेत रद्द. आणि नळी स्वच्छ राहिली! मी रोज फडकं फिरवून बघायची, रोज पांढरं. पण लासूरला बोभाटा झाला, तायडी घाबरली. काकूनं तर फोन करून मला धीर दिला, "आगं, बायांचं काम नाय ते. तू कशाला जीवाला लावून घेती?" तो गोड आवाज ऐकून माझं डोकं फिरलं. परत ठरवलं, मारायचीच. सकाळी परत नळीत चरबी.

या वेळी मी कुणाला काही बोलले नाही. मेसच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि नळीत ओततच राहिले. पातेलं नंतर भंगारात दिलं. रशीदभाईंनी पुन्हा तपासून होकार दिला.

शहराबाहेरच्या एका रायफल रेंजवर गेलो. भर दुपार, लख्ख ऊन. तिथले सर, रशीदभाई, विलास, आणि लासूरहून जीप भरून आलेली भावकी. रवीचा एक मित्र मोबाईलवर शूटिंग करत होता. सरांनी काडतूस भरून दिलं, खांद्याला कशी घट्ट लावायची ते दाखवलं, मागच्या लाकडी दस्त्याला गाल टेकवायला सांगितलं.

मी गाल टेकवला.

लाकूड नव्हतं ते. मऊ होतं, दबलं. कोमट होतं आणि घामट. आणि माझ्या गालाला दाढीची खुंटं टोचली. चार दिवसांची वाढलेली, राठ. कुणीतरी माझ्या गालाला गाल लावून नेम बघत होतं. मग तो गाल हलला... आवंढा गिळल्यावर हलतो ना, तसा.

मी ओरडले नाही. रायफल हळूच समोरच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मला नाही मारायची." सरांनी लगेच काडतूस बाहेर काढलं. मागं हशा पिकला. रवी पुढं आला. "व्हय बाजूला. उगं लायसन्सचा घोळ करून ठेवला. बघ, अशी धरत्यात!" सर नको नको म्हणेपर्यंत त्यानं रिकामी रायफल उचलली, गालाला लावली आणि मोबाईलकडं बघून पोज दिली.

त्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. मग त्यानं रायफल जवळजवळ फेकलीच. बाजूला वळून थुंकायला लागला, तळव्यानं गाल पुसायला लागला, मग शर्ट वर ओढून शर्टानं. मी पाण्याची बाटली घेऊन जवळ गेले. मला काय जाणवलं ते मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं, विलासलाही नाही. रवी माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, "तायडे... तिला दाढी हाय."

रायफल मी ठाण्यात कायमची जमा करून टाकली. विलास म्हणतो, उन्हानं दस्त्याचं पॉलिश तापलं असेल. मग खुंटं कसली, विचारलं की विषय बदलतो. ती रायफल पूर्वी कुणावर चालली होती हे काकूला विचारलं, तर तिला काहीच ठाऊक नाही. रवी आता सगळ्यांना सांगतो, बाईमाणूस शेवटी, हात थरथरला. ते शब्द त्याच्या तोंडून निघतात कसे, याचीच मला लाज वाटते. पण सांगू दे. मला त्या नावलौकिकाचा तुकडासुद्धा नको. तुमच्यापैकी कुणाकडं काही स्पष्टीकरण असेल तर लिहा. माझ्याकडं नाही.

फक्त एक सांगते. तो गाल आप्पांचा नव्हता. शेवटच्या आजारपणात त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून मी त्यांच्या गालाला गाल लावून कानात बोलायची. त्यांची दाढी पांढरी, मऊ होती. मला पक्कं माहीत आहे. पण आता आप्पांना आठवायला डोळे मिटले की गालाला ती राठ खुंटं टोचतात, आणि मी माझ्या बापापासून तोंड फिरवते.