भिंतीवरचे अंगठे

जमिनीचे दस्त नोंदवायच्या कचेरीत मी तिसऱ्यांदा आले होते. आधी दोनदा सर्व्हर बंद होता. बाकावर बसून समोरची भिंत बघत होते. टेबलाशेजारी ती निळी झाली होती. दस्तावर अंगठा उठवला, की माणसं उरलेली शाई तिलाच पुसतात.

माझ्या आधी एक म्हातारी होती. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून द्यायला आलेली. भाऊ पाठीशीच उभा. कारकुनाने वर न बघता विचारलं, "आजी, स्वखुशीनं सोडताय ना?"

"दिवाळीला बोलावतो अजून," ती म्हणाली. "तेवढं राहू दे."

"हो म्हणा."

"हो."

तिनं अंगठा उठवला आणि भिंतीला पुसला.

या भिंतीवर किती बहिणींची शेतं असतील! बाप गेल्यावर सातबाऱ्यावर त्यांचं नाव चढतं, तेही बहुधा कमी करण्यासाठीच.

मग माझं नाव पुकारलं. दादानं माझी पिशवी धरली. एरवी कधी धरत नाही. कारकुनानं तोच प्रश्न विचारला. मी शिकलेली, कागद दोनदा वाचलेला. "हो," म्हटलं, आणि अंगठा पुसायला भिंतीवर कोरी जागा शोधू लागले.