आईच्या मांजरीचं नख

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा देवळाली प्रवराजवळच्या वस्तीवरून मी तिला संगमनेरला माझ्या फ्लॅटवर आणलं. सोबत तिची म्हातारी मांजरही आली. तिला मागे ठेवलं असतं तर आई गाडीत बसलीच नसती.

दोनेक महिन्यांत मांजर नखं चावायला लागली. पुढचा पंजा तोंडात धरायचा, बोटं फाकवायची आणि कडकड आवाज करत नख ओढायचं. मी कॉलेजच्या ऑफिसातून दमून यायचे, जरा टेकायचे, की समोर हे सुरू.

"उष्नता झालीय तिला," आई म्हणायची.

शेजारच्या काकूंना पिसवांचा संशय. म्हणून मी उवांच्या फणीने मांजर विंचरली. पिसू एकही निघाली नाही, माझा हात मात्र ओरबाडून निघाला. मोबाईलवर शोधलं तर म्हणे जागा बदलली की मांजरं तणावाने नखं चावतात. कंटाळ्याने चावतात, बुरशीने चावतात, काही तर नुसती सवय म्हणून. यातलं नेमकं कोणतं, ते कोण सांगणार?

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात गेले. दारात गाई उभ्या. मांजर बुजून पळेल म्हणून मी तिला पिशवीतून बाहेरही काढलं नाही. डॉक्टर गाईच्या इंजेक्शनच्या गडबडीत होते. म्हणाले, "मांजरं नखावरचं जुनं टरफल असंच ओढून काढतात. काळजी करू नका." घरी आल्यावर सोफ्याखाली तशी टरफलं खरंच सापडली. मी विषय सोडून दिला.

तीन आठवड्यांनी मांजर लंगडायला लागली. ती निजायची त्या फडक्यावर रक्ताचा डाग होता.

"म्या म्हनतच हुते, काय तरी टोचतंय तिला," आई म्हणाली.

"तू उष्णता म्हणत होतीस, आई!"

मी इतक्या जोरात ओरडले होते की मांजर कॉटखाली गेली. तिला बाहेर काढण्यात अर्धा तास गेला आणि नगरची ठरलेली एसटी चुकली.

कुत्र्या-मांजरांच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता नगरचा मिळाला होता. गुडघा दुखत असूनही आई हट्टाने सोबत आली. मांजर भाजीच्या टोपलीत, वरून ओढणी बांधलेली. लोणीपासून तिने जो गळा काढला, तो राहुरीपर्यंत. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी मांजर टॉवेलात गुंडाळली, पंजा हळूच दाबला आणि मला जवळ बोलावलं. आतल्या बाजूचं, अंगठ्यासारखं नख वाढून गोल वळलं होतं आणि त्याचं टोक तळव्याच्या गादीत रुतलं होतं.

"म्हातारपणी नखं जाड होतात, टरफल आपोआप गळत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून ती चावून काढायला बघत होती. घरात खरडायला काय आहे तिला?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "वस्तीवर बाभळ हुती. हितं सोप्याला पंजा लावला की ही पेपर घिऊन धावती."

मला इतका राग आला! परक्या बाईसमोर हे बोलायची काय गरज होती? पण खोटं काहीच नव्हतं. नवा सोफा फाटू नये म्हणून मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिला हुसकावत होते. रोज. तो पंजा उचलून एकदाही नीट पाहिला नव्हता.

नख कापलं, जखम धुतली, औषध मिळालं. आठवड्यात तिचं लंगडणं थांबलं. मी एका लाकडाच्या ओंडक्याला काथ्या गुंडाळून दिला, तर ती त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. दर पंधरा दिवसांनी आई तिला मांडीवर दाबून धरते आणि मी नखांची टोकं कापते. तिघींचाही त्या दिवशी एकमेकींवर राग असतो.

मागच्या पायांची नखं ती अजून चावते. मी बोटं फाकवून, बॅटरी लावून एकेक बघते. रुतलेलं काही नसतं, लाल काही नसतं.

"आसू दे की आता," आई म्हणते. "दमली ती."

"मग का चावते?" मी विचारते. आई माझ्या हातातली बॅटरी काढून घेते आणि बंद करते.