वर्लिन हॉकेटचा कान

आमच्या खोऱ्यात कुणी जुनी पिकअप घ्यायला निघालं, की आधी वर्लिन हॉकेटच्या दारात थांबायचं. वर्लिन आपला हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाजूच्या सीटवर बसायचा. विकणाऱ्याच्या अंगणात गेलं की इंजिन चालू करायला लावायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. त्यानं मान डोलावली की गाडी घ्यायची, नाही डोलावली की गुपचूप परत यायचं. काउंटीच्या गॅरेजात चाळीस वर्षं बर्फ काढायच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्याचा शब्द कुणी मोडत नसे. या कामाचे त्यानं कधी पैसे घेतले नाहीत. लोक घरी भाजलेला ॲपल पाय आणून द्यायचे, नाहीतर शिकारीच्या दिवसांत हरणाच्या मांसाचा वाटा.

आता खरं सांगायचं तर वर्लिनला दोन हिवाळ्यांपासून त्या स्क्रूड्रायव्हरमधून काहीही ऐकू येत नव्हतं.

इंजिनांनी आणि लाकूड कापायच्या यांत्रिक करवतींनी त्याचे कान हळूहळू खाऊन टाकले होते. समोर बसून कुणी बोललं तर ओठ बघून त्याला बरंचसं समजे. पाठमोरा माणूस बोलला की संपलं. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे ऐकू येत नाही हे लक्षात यायलाही कुणी नव्हतं. वर्लिननंही ते कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या कानाशिवाय आपल्याकडे दुसरं आहे काय, असं त्याला वाटायचं, आणि हे वाटणं त्याला रात्रंदिवस छळायचं.

लोकांना टाळणं सोपं होतं. पाठ धरली आहे, गुडघा दुखतो, काहीही सांगता येई. पण या वर्षी वसंतात त्याची मुलगी टॅमरा आली आणि म्हणाली, "बाबा, मला पिकअप घ्यायचीय. जुनी चालेल. तू चल."

टॅमराचा घटस्फोट झालेला. नऊ वर्षांची विनी शाळेमुळे बापाकडे, बॉइझी शहरात. फक्त शनिवार-रविवार आईकडे. टॅमराची छोटी गाडी डोंगरातल्या खडीच्या रस्त्यांवर चढत नसे, म्हणून दोघी मायलेकी दोन दिवस औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकमेकींची तोंडं बघत बसायच्या. वरच्या तळ्यावर जावं, गाडीच्या मागच्या हौद्यात गादी टाकून झोपावं, सकाळी मासे धरावेत, एवढंच टॅमराचं स्वप्न. आणि मे महिन्यात विनीनं फोनवर विचारलं होतं, "मॉम, या आठवड्यात यायलाच हवं का?"

टॅमरानं हे बापाला सांगितलं तेव्हा ती त्याच्या समोर बसली होती, त्यामुळे त्याला अक्षर न् अक्षर कळलं.

पहिली गाडी निळी होती. वर्लिननं स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आत नुसती शांतता. हो म्हणावं आणि पोरगी-नात डोंगरात अडकल्या तर? फोन लागत नाही तिथे, माणूस दिसत नाही दिवसभर. त्यानं मान हलवली, नाही. जुलैत दुसरी पाहिली, तिलाही नाही. 'नाही'त धोका नव्हता. 'नाही' म्हणणारा कधी चुकलेला सापडत नाही. पण उन्हाळा चालला होता, आणि एकेक शनिवार त्याच्या 'नाही'खाली दबून मरत होता. हे त्याला कळत होतं, म्हणूनच त्याला हल्ली झोप लागत नसे.

सप्टेंबरात गार्थ प्रुइटनं आपली पांढरी पिकअप विकायला काढली. दोन लाख साठ हजार मैल पळालेली, पण गवताच्या गठ्ठ्यांपलीकडे कधी ओझं न वाहिलेली. टॅमरानं भाव फोनवरच ठरवला. त्या सकाळी बापाला न्यायला आली ती ठरवूनच आली होती. सीटबेल्ट लावता लावता त्याच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, ही शेवटची. आज तू नाही म्हणालास तर मी पुन्हा बघणार नाही. पुढच्या महिन्यात वर बर्फ पडेल. आणि पुढच्या उन्हाळ्यात विनी येईलच असं मला वाटत नाही."

वर्लिननं मान डोलावली. स्क्रूड्रायव्हर त्यानं मांडीवर आडवा धरला होता.

गार्थचं अंगण उघड्यावर. रात्री पहिली कडक थंडी पडली होती. पिकअपच्या टपावर, मागच्या हौद्यात, काचेच्या कडेला गोठलेलं दंव पांढरं पसरलेलं. फक्त बॉनेट कोरडं. वर्लिननं सहज टेकल्यासारखा त्यावर हात ठेवला. कोमट!

म्हणजे गार्थनं आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. गार इंजिन चालू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"आज कुठे जाऊन आलास का रे सकाळीच?" वर्लिननं विचारलं.

"मी? छे! गाईंना चारा टाकला, बस." गार्थनं टोपी काढून परत घातली. चोराच्या मनात चांदणं.

आता शेजाऱ्याला तोंडावर 'तू इंजिन तापवलंस' म्हणणं म्हणजे त्याला लबाड म्हणणं. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडे घेणारा कॉफी मागतो. विकणारा काय ते समजतो आणि कॉफी ठेवतो, आणि इंजिन गार होईपर्यंत दोघं हवापाण्याच्या गप्पा मारतात.

"थंडी फार आहे बुवा," वर्लिन म्हणाला. "कॉफी पाज."

गार्थचा चेहरा उतरला. "ये की," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातला तो वेळ वर्लिनला खायला उठला. टॅमरा सारखी फोनकडे बघत होती. गार्थ ओट्याशी पाठमोरा उभा राहून कप विसळत होता. मधेच टॅमरानं मान वर केली आणि बापाकडे पाहिलं. गार्थही वळून त्याच्याकडेच बघत होता. म्हणजे काहीतरी विचारलं गेलं होतं, आणि उत्तराची वाट बघणं चाललं होतं.

"हं," वर्लिन म्हणाला, "बघू."

"बघू काय, वर्लिन? साखर घालू का विचारतोय मी!"

टॅमरा हसली, पण डोळे मात्र बापावरच ठेवून. "लक्ष नाहीये त्याचं," ती म्हणाली. "तो आत्ताच मनात इंजिन उघडून बसलाय." गार्थ हसला नाही. त्यानं साखरेचं भांडं वर्लिनसमोर ठेवलं आणि जरा जास्तच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

इंजिन गार झालं तशी तिघं बाहेर आली. बॉनेट उघडलं. वर्लिननं स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे लावली. गार्थ आत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली.

तळव्याला थरथर लागली. पायांखालच्या मातीतही थोडी जाणवली. पुढे काही नाही. पण या वेळी वर्लिननं डोळे मिटले नव्हते. तो टॅमराकडे बघत होता, आणि किल्ली फिरताक्षणी टॅमराच्या कपाळावर आठी पडली. गार्थ काचेतून थेट वर्लिनकडे बघत होता, चोरी पकडली जायची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

आवाज होता तर! सगळ्यांना ऐकू येणारा. सगळ्यांना म्हणजे त्याच्याशिवाय. कसला, कुठला, हे मात्र चेहऱ्यांवर लिहिलेलं नव्हतं.

टॅमरानं इंजिनाकडे पाहिलं, मग बापाकडे. तो स्वस्थ उभा होता, स्क्रूड्रायव्हर कानाशी, जसा कायम असायचा. त्याच्या डोळ्यांदेखत तिच्या कपाळावरची आठी पुसली गेली. बाबाला काही वाटत नाही म्हणजे काही नसेलच. स्वतःच्या धडधाकट कानांवर अविश्वास दाखवून ती त्याच्या बहिऱ्या कानावर विश्वास ठेवत होती. हे बघून वर्लिनला स्वतःची जेवढी भीती वाटली तेवढी आजवर कशाचीच वाटली नव्हती.

"काय मग?" टॅमराच्या ओठांनी विचारलं.

'नाही' जिभेवर तयार होतं. मान हलवली की सुटका. आवाज आहेच, तेव्हा कुणी दोषही देणार नाही. घरी जायचं, सूप गरम करायचं, नाव शाबूत. आणि विनी पुढच्या उन्हाळ्यात येणार नाही.

त्यानं स्क्रूड्रायव्हर कानावरून काढला आणि मूठ पुढे करून टॅमराला दिला.

"तू ऐक."

"मी?"

"मला ऐकू येत नाही, टॅमरा. दोन हिवाळे झाले. इथे काय वाजतंय ते मला माहीत नाही. तू ऐक आणि मला सांग. माझ्याकडे तोंड करून सांग."

तिनं स्क्रूड्रायव्हर धरला, पण ती हलली नाही. गार्थ इंजिन चालूच ठेवून खाली उतरला.

"चटकन!" वर्लिन ओरडला. किती मोठ्यानं ओरडला हे त्याला कळलं नाही. "तापायच्या आत! टोक इथे, वर, झाकणावर लाव. काय आहे?"

टॅमरा वाकली. मग मान वळवून म्हणाली, "टिकटिक. भरभर."

"जाड की बारीक? दारावर मूठ आपटल्यासारखा की शिलाई मशीनसारखा?"

"शिलाई मशीन."

"आता खाली. ऑइलच्या भांड्याला. गार्थ, ॲक्सिलरेटर दाब! खाली मूठ आपटतेय का बघ. घाई करू नको."

ती जवळजवळ जमिनीवर आडवी झाली. गार्थनं परत आत बसून इंजिनाचा वेग चढवला, सोडला, पुन्हा चढवला. वर्लिनला फक्त तिच्या बुटांचे तळवे दिसत होते. खाली ठोका असला तर बेअरिंग गेलं, आणि बेअरिंग गेलेली गाडी घाटात कधी जीव सोडेल सांगता येत नाही. ती उठली तेव्हा तिच्या गालाला माती लागली होती.

"खाली काही नाही. नुसती घरघर."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून नको सांगू."

"नक्की."

"आता परत वर."

तिनं वर लावला. थांबली. "कमी होतोय... बाबा, गेला. थांबला."

वर्लिननं श्वास सोडला. "टॅपेट, झाकणाखालचे छोटे दट्टे. ऑइल वर चढेपर्यंत वाजतात, मग गप्प. म्हातारपण आहे, रोग नाही. ऑइल वेळेवर बदल, ही गाडी विनीला गाडी शिकवेल."

गार्थनं इंजिन बंद केलं, खाली उतरून टोपी मडगार्डवर आपटली. "दोन हिवाळे? अरे देवा! तुझ्या कानाच्या धाकानं मी पहाटे अंधारात उठून इंजिन तापवलं, वर्लिन! म्हटलं, हा एवढीशी टिकटिक ऐकणार आणि चालता होणार. आणि तू ठार बहिरा!" तो हसायला लागला. "नाव सोनूबाई!"

"आणि हाती कथलाचा वाळा," वर्लिन पुटपुटला. त्यालाही हसू येत होतं, पण टॅमराकडे बघून ते विरलं.

"ती निळी गाडी," ती म्हणाली. "वसंतातली."

"हो."

"तिच्यात काय वाईट होतं?"

"माहीत नाही."

"आणि जुलैतली?"

"तीही ऐकली नाही मी."

तिनं स्क्रूड्रायव्हर इंजिनावर ठेवला आणि ती कुंपणापर्यंत चालत गेली. तिकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की शिव्या देत होती हे पाठमोऱ्या माणसाचं वर्लिनला कळणं शक्य नव्हतं, आणि तिकडे जायची त्याची हिंमत झाली नाही. अख्खा उन्हाळा त्यानं खाल्ला होता. परत आल्यावर तिनं गार्थशी हात मिळवला, कागदावर सही केली आणि बापाला मानेनंच 'गाडीत बस' अशी खूण केली. आपली छोटी गाडी ती गार्थच्या अंगणातच सोडून निघाली.

कालव्याच्या रस्त्यानं परतताना ती बोलत होती. वर्लिनला एका बाजूनं तिचे ओठ हलताना दिसत होते, पुढच्या काचेकडे बघून, भराभर. त्यानं थोडा वेळ मान डोलावली. दोन हिवाळ्यांची सवय. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"टॅमरा. मला कळत नाहीये."

तिनं गाडी कडेला घेतली, बंद केली आणि पूर्ण वळून त्याच्यासमोर तोंड आणलं. डोळे लाल होते.

"मी म्हणत होते," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "विनीनं मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं. आजोबांना मी समोर असले की ऐकू येतं, मागे गेले की येत नाही, असं. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, आजोबांचा कान अख्ख्या खोऱ्यात पहिला आहे, असलं वेडंवाकडं पुन्हा बोलायचं नाही. त्यानंतर ती तुझ्याबद्दल काही बोललीच नाही. आणि मे महिन्यात विचारायला लागली, यायलाच हवं का."

वर्लिननं तोंडावरून हात फिरवला.

"शुक्रवारी मी तिला आणायला जाईन," टॅमरा म्हणाली. "तू बरोबर येणार. आणि तू स्वतः तिला सांगणार."

शुक्रवारी संध्याकाळी बॉइझीत आपल्या बापाच्या दारातून विनी पाठीवर दप्तर घेऊन निघाली, पांढऱ्या पिकअपकडे बघत, जरा संशयानंच. वर्लिन खाली उतरला आणि पोरीसमोर गुडघ्यावर बसला. गुडघा खरोखरच दुखला.

"विनी, तू म्हणाली होतीस ते खरं होतं. मला ऐकू येत नाही. तुझं खरं होतं आणि बोलणी तुला खावी लागली. चूक माझी."

विनीनं आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग मी गाडीत मागे बसून एवढं सगळं सांगायचे तेव्हा तू 'हो का, वा वा' का म्हणायचास?"

"मला काही कळायचं नाही म्हणून."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

रागावावं की नाही हे विनीचं अजून ठरत नव्हतं. पिकअपला समोर एकच लांब सीट होती. विनी चढून मधे बसली, वर्लिन तिच्या शेजारी. तिनं पट्टा बांधला आणि दोन्ही गुडघे वळवून तोंड सरळ त्याच्यासमोर आणलं.

"सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल," ती म्हणाली. "खूप आहे."

"सांग," वर्लिन म्हणाला. "तळं लांब आहे."