पायांवरचं कोमट पाणी

माझ्या पायांचं दुखणं मी सहा वर्षं नऊवारीच्या आत झाकून ठेवलं. डोंबिवलीत आणि आसपासच्या देवळांतून मी कीर्तनं करते. आमचं नारदीय कीर्तन उभ्यानं करायचं असतं, देवाकडे तोंड करून, चांगलं दीड-दोन तास. पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या, आणि डाव्या घोट्याच्या वर कातडी काळी पडून एक जखम झाली होती, ती काही केल्या भरत नव्हती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिवसभर घालायला घट्ट मोजे दिले होते. पण पायात मोजे घालून देवापुढे उभं कसं राहायचं? म्हणून नेमके कीर्तनाच्या वेळीच मी ते काढून ठेवायची. आणि जखमेवर काय लावायची, तर देवळातला अंगारा! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर चांगलं झापलं असतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मोठ्या डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणणार, उभं राहणं बंद. मग कीर्तन गेलं. आणि कीर्तन गेल्यावर माझ्यात उरतं काय? रोज तिन्हीसांजेला दिव्यापुढे एकच मागणं मागायची, रामराया, मला उभं ठेव. तो ऐकत नाही म्हणून त्याच्याशी भांडायचीसुद्धा. ‘तुझंच नाव घेते ना रे, मग माझेच पाय सापडले का तुला?’ असं अगदी तोंडावर विचारायची.

चैत्राच्या उत्सवात कोपरच्या एका लहानशा राममंदिरात माझं कीर्तन होतं. संध्याकाळची वेळ. नावाडी देवाचे पाय धुतो ते आख्यान लावलं होतं. पेटी आणि तबला छान जमून आले होते. पाय धुण्याच्या जागी आले आणि मला काय झालं कोण जाणे, माझ्या डाव्या पायावर कुणीतरी कोमट पाणी घालतंय असं वाटायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. उलट सगळं अंग हलकं झालं, समईच्या ज्योती पाण्यात पाहाव्यात तशा हलायला लागल्या, माझाच आवाज मला लांबून ऐकू यायला लागला. मला वाटलं, आज पावला बाई देव! डोळे मिटून मी तीच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत राहिले.

तेवढ्यात बायकांमधून एक जण उठली. कीर्तन रंगात असताना मध्येच उठायचं नाही, हा दंडक. त्यात माझा स्वभाव तापट. मी माइकवरूनच म्हटलं, “बाई, बसून घ्या!” ती कसली बसतेय. खाडीकडच्या गावातली असावी, साठीची, अंगानं काटक. बायकांतून वाट काढत ती थेट माझ्यापाशी आली आणि तिनं माझं मनगट धरलं. “निज बाय खाली. रगत चाललंय तुजं.”

मी खाली पाहिलं. सतरंजी लाल झाली होती. फुगलेली शीर फुटली होती आणि कोमट पाणी म्हणून मी जे अनुभवत होते ते माझंच रक्त होतं. तिनं मला तिथेच आडवं केलं, माझा पाय उचलून सरळ आपल्या खांद्यावर घेतला, पदराची घडी जखमेवर ठेवून अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं. माझा तळवा नेमका गाभाऱ्याकडे. अशा वेळीसुद्धा मला कसलं सुचावं! मी पाय ओढायला लागले. “अहो, देवाकडे पाय होतोय माझा.”

“देव बघतंय गो तुला. उगी राव, हलू नको.” मग हळू आवाजात, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “माजी आय अशीच गेली. उभ्यानं. कोनी निजवलीच नाय तिला.”

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. वर फिरणारा पंखा, तिच्या हाताचा मासळीचा आणि साबणाचा मिसळलेला वास, रामाचे अर्धे मिटल्यासारखे दिसणारे डोळे. आमचे हे गाडी घेऊन आले तेव्हा रक्त थांबलं होतं. जवळच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, आणखी थोडा वेळ उभ्या राहिला असतात तर अवघड होतं. नंतर देवळात किती जणांना विचारलं. उत्सवाला सगळीकडून बायका येतात, कुणी ओळखेना. तिचं नावही मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात ठाण्याला शिरांच्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टर माझ्या सुनेच्या वयाची. तिनं माझा पाय हातात घेतला तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं. अंगाऱ्याचं सांगितलं, तर ती हसली नाही. “काकू, अंगारा कपाळाला लावा. पाय माझ्याकडे द्या,” एवढंच म्हणाली. सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी, असा तो लेझरचा उपचार. भूल फक्त पायापुरती, मी जागीच होते. सोनोग्राफीच्या यंत्रातून माझ्याच रक्ताचा आवाज येत होता, भरतीचं पाणी यावं तसा, जाऊन पुन्हा येणारा. आयुष्यभर मी देवाला ऐकवत आले होते. त्या टेबलावर पडल्या पडल्या पहिल्यांदा नुसती ऐकत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलंही नाही. उठवल्यावर त्यांनी लगेच अर्धा तास चालायला लावलं. बारीक शिरांची इंजेक्शनं नंतरच्या दोन खेपांना झाली. जखम भरायला मात्र तीन महिने गेले.

मी मागत होते, मला उभं ठेव. त्यानं मला आधी आडवं केलं, सगळ्यांच्या देखत, पाय त्याच्याकडे करून. माझा हट्ट त्यानं ऐकला नाही म्हणून आज मी हे लिहायला आहे. चमत्कार म्हणा, योगायोग म्हणा, मी वाद घालत नाही. त्या बाईला मात्र रोज हात जोडते.

आता निरूपणाचा पूर्वरंग उभ्यानं करते, पायात मोजे घालून, आणि आख्यानाचा उत्तररंग खुर्चीत बसून. चार लोक नाकं मुरडतात, मुरडोत. मधे एकदा कीर्तन संपल्यावर एक शिक्षिका मागे थांबली. बराच वेळ घुटमळली, मग साडी वीतभर वर केली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. ती लाजून पाय मागे घेऊ लागली, तो मी धरून ठेवला.

“डॉक्टरकडे जायला भीती वाटते हो,” ती म्हणाली.

म्हटलं, “वाटणारच. मंगळवारी मी येते तुझ्याबरोबर.”