लाल खांबांच्या बाई

ती कॉलेजात अल्गोरिदम, म्हणजे संगणकाने पायरीपायरीने काम करायच्या रीती, ऑनलाइन शिकवायची; वर्गातली मुलं तिला ‘लाल बाई’ म्हणत. क्रम लावायची रीत दाखवायला तिने स्वतः बनवलेले पडद्यावरचे लहानमोठे खांब पूर्वी बटण दाबलं की आपोआप उंचीप्रमाणे लागत. मुलं माना डोलावत आणि परीक्षेत तोंडावर आपटत. म्हणून तिने बटणच काढलं. आता खांब स्वतः सरकवायचे. खांब चुकीच्या जागी ठेवला की तो लाल होऊन माघारी जाई. मुलं चिडली, तक्रारी झाल्या.

“बटण परत आणा, बाई,” विभागप्रमुख खेकसले, “नाहीतर वर्ग दुसऱ्याला देतो.”

“द्या की. खांब माझे आहेत, ते मी घेऊन जाते.”

“धमकी देताय?”

“सुरुवात तुम्ही केलीत, सर.”

खांबांशिवाय वर्ग घ्यायला कुणीच तयार होईना. वर्ग तिच्याकडेच राहिला, बटणाशिवाय. दोघांमधला नमस्कार मात्र कायमचा बंद झाला.